माझ्यासमक्ष

यंदाच्या अंकासाठी ‘पत’ हा विषय संपादकांनी कळवला, तेव्हा पेढी, सावकार, बँक आणि सराफकट्टा या सगळ्या वाटा इतर लेखकांनी आधीच अडवल्या असतील हे ओळखून मी अशा एका गृहस्थाच्या शोधात निघालो, की जो कोणाला कर्ज देत नाही, कोणाला जामीन राहत नाही, कोणत्याही तंट्याचा निवाडा करीत नाही, आणि तरीही ज्याच्या पाच सेंटिमीटर व्यासाच्या गोल शिक्क्यावाचून या शहरात कॉलेजचा प्रवेश, खोलीचे हस्तांतरण, वडिलांच्या मागे राहिलेली बँकेतली ठेव आणि परदेशी गेलेल्या मुलाचे मुखत्यारपत्र यांपैकी एकही गोष्ट सहसा धड पार पडत नाही. हा गृहस्थ म्हणजे नोटरी. “नोटरी करून आणा,” हे शब्द मुंबईच्या माणसाने खिडकीपलीकडून किती तरी वेळा ऐकलेले असतात. पण त्या शिक्क्याने कागदाचे नेमके काय होते असे विचारले, तर बहुतेकांचे उत्तर “पक्का होतो” याच्या पलीकडे जात नाही. पक्का होतो म्हणजे काय, आणि कोठपर्यंत, हे पाहण्यासाठी गिरगाव, फोर्ट, दादर, परळ आणि लालबाग असा फेरा मी घातला.

पाटी, टेबल आणि मॅटर

नोटरी शोधावा लागत नाही. जेथे न्यायालय तेथे तो असतोच: फोर्टात किल्ला कोर्टाच्या आसपास, धोबीतलावास लघुवाद न्यायालयाच्या परिसरात, गिरगावात, माझगावला, भोईवाड्याला. त्याखेरीज गिरगावातल्या जुन्या चाळींच्या तळमजल्यावर, दादरच्या पश्चिमेस फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढीत गेल्यावर एखाद्या जिन्याखाली, लालबागेत मिरची कुटण्याच्या खकाण्याने शिंका येत असताना झेरॉक्सच्या दुकानाच्या अर्ध्या भागात, अशा ठिकाणीही त्याची पाटी दिसते. पाटीवर वकिलाचे नाव, खाली ‘नोटरी’, त्याखाली ‘भारत सरकार’ किंवा ‘महाराष्ट्र शासन’, म्हणजे ज्या सरकारने नेमणूक केली त्याचे नाव. नोटरी हा मुळात वकीलच असतो. साधारणतः दहा वर्षे वकिली झाल्यावर त्याला या कामासाठी अर्ज करता येतो; स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गांतील वकिलांना ही अट सात वर्षांची आहे. मिळणारे प्रमाणपत्र पाच वर्षांचे असते आणि मुदत सरली की त्याचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. आपल्या शुल्काचे दरपत्रक कार्यालयाच्या आत आणि बाहेरही दर्शनी भागी लावणे नियमाने त्याच्यावर बंधनकारक आहे. हे दरपत्रक मी जेथे जेथे शोधले, तेथे ते कॅलेंडर, देवाचा फोटो आणि पंख्याचे बटण यांच्यामागे असावे असे मानण्यास जागा होती.

परंतु नोटरीच्या आधी भेटतो तो टंकलेखक. न्यायालयाबाहेरच्या पदपथावर छत्री, टेबल आणि यंत्र मांडून बसणाऱ्या या वर्गाची टकटक आता पुष्कळच विरळ झाली आहे. त्याचे काम संगणकाने आणि झेरॉक्सवाल्याने वाटून घेतले आहे. तुमची कैफियत कायद्याच्या भाषेत बसवून जो मजकूर तयार होतो, त्याला सर्वत्र ‘मॅटर’ म्हणतात. जून महिन्यात, कॉलेजांचे प्रवेश सुरू झाले की ‘गॅप’चे मॅटर चालते, म्हणजे मधले एक वर्ष मुलाने अन्यत्र कोठेही प्रवेश घेतला नव्हता असे लिहून देणारे, ‘वन अँड द सेम’चे मॅटर, म्हणजे आधारकार्डावरची व्यक्ती आणि शाळेच्या दाखल्यावरची व्यक्ती एकच असल्याचे सांगणारे, बारमाही असते, त्यांच्या खालोखाल हरवलेले शेअर सर्टिफिकेट, बेस्टच्या वीजमीटरवरील नाव आणि शिधापत्रिका यांचा क्रम लागतो. “तुमचं नाव, वय, पत्ता सांगा, बाकी आपल्याकडे तयार आहे,” असे किल्ला कोर्टाजवळच्या एका काकांनी मला मोठ्या आश्वासक सुरात सांगितले. ही तयारीच पुष्कळदा घात करते. संगणकात साठवलेल्या जुन्या मजकुरावर नवे नाव चढवताना तिसऱ्या परिच्छेदात आदल्या अशिलाची पत्नी किंवा पाचव्यात त्याचा गाव तसाच राहून जातो, आणि मग लालबागचा रहिवासी आपण मुक्काम पोस्ट कोठले तरी आहोत असे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो.

रजिस्टर

गिरगावातल्या ज्या कार्यालयात मी बराच वेळ बसून राहिलो, तेथील वकीलसाहेब वयाने सत्तरीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. समोर एक आजी आणि त्यांची सून. चाळीतली खोली आजोबांच्या नावावर होती. ते गेल्यावर भाडेपावती आजींच्या नावे व्हावी म्हणून प्रतिज्ञापत्र हवे होते.

“आजी, हे वाचलंत का?”

“सून वाचून आलीय.”

“सुनेची सही नाही ना यावर. मी वाचतो, तुम्ही ऐका. चुकलं तर मध्येच थांबवा.”

इंग्रजीत टंकलिखित झालेला तो मजकूर ते ओळीओळीने मराठीत सांगत गेले, आणि खोलीचा क्रमांक उच्चारताच आजींनी हात वर केला. खोली सतराची, कागदावर एकाहत्तर. पेनाने आकडा खोडून वर नवा लिहिला गेला, शेजारी आजींची आद्याक्षरे आणि नोटरीची छोटी सही झाली. मग मूळ आधारकार्ड मागितले गेले. सुनेने पुढे केलेली झेरॉक्स त्यांनी घेऊन बाजूस ठेवली आणि मूळ कार्ड हाती येईपर्यंत ते गप्प बसून राहिले. ओळख पटवण्यासाठी शेजारच्या टेबलावरील तरुण वकिलाची सही झाली. कागदाच्या प्रत्येक पानावर आजींनी सही केली, आणि त्यानंतर नोटरीने काळ्या पाठीचे जाडजूड रजिस्टर त्यांच्याकडे वळवले.

या सगळ्या विधीचा गाभा या रजिस्टरात आहे, आणि घाईच्या ठिकाणी नेमका तोच वगळला जातो. त्यात अनुक्रमांक, तारीख, दस्ताचा प्रकार, करून देणाऱ्याचे नाव-पत्ता, लावलेले तिकीट, घेतलेले शुल्क आणि त्या व्यक्तीची सही असे रकाने असतात. कागदावर जो क्रमांक शिक्क्याबरोबर पडतो तो याच नोंदीचा. पुढे कधी कोणी म्हणाले, की ही सही माझी नव्हेच, तर प्रतिज्ञापत्राच्या लाल चकतीपेक्षा या रकान्यातली त्याच दिवशीची, त्याच हातची दुसरी सही अधिक उपयोगी पडते. आजींनी रजिस्टरात सही केल्यावरच नोटरीचे चिकट तिकीट लागले, ‘माझ्यासमक्ष’ या अर्थाचा इंग्रजी रबरी शिक्का उमटला, गोल शिक्का पडला, कंगोऱ्यांची लाल चकती चिकटली आणि तिच्यावर चिमट्यासारख्या यंत्राने उठावाची मोहोर दाबली गेली. “झालं?” आजींनी विचारले. “झालं. आता हे घरमालकाला द्या, आणि ही प्रत पिशवीत नको, कपाटात ठेवा.”

याउलट चित्रही मी पाहिले. दुसऱ्या एका ठिकाणी, ज्याचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, एक पोऱ्या कागदांचा गठ्ठा घेऊन आला, नोटरीने मान वर न करता त्यावर शिक्के मारले, आणि ज्यांच्या सह्या होत्या ती माणसे त्या वेळी कोठे होती, हे त्या पोऱ्याखेरीज कोणास ठाऊक नव्हते. शिक्का दोन्ही ठिकाणी सारखाच गोल होता.

शिक्का कशाची ग्वाही देतो

येथे मूळ प्रश्नाला हात घालता येतो. नोटरीचा शिक्का कागदातल्या मजकुराच्या खरेपणाची हमी देत नाही. अमुक दिवशी, अमुक माणूस, ओळखीचा पुरावा दाखवून माझ्यापुढे हजर झाला, त्याने शपथ अथवा प्रतिज्ञा केली आणि माझ्यादेखत सही केली, एवढीच त्याची साक्ष असते. मजकूर खोटा असेल तर त्याचे प्रायश्चित्त लिहून देणाऱ्याने घ्यावयाचे. पूर्वीच्या दंडसंहितेत खोट्या पुराव्यास जी शिक्षा होती ती आता भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. नोटरी कायद्याने त्याला आणखीही अधिकार दिले आहेत: दस्त प्रमाणित करणे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत उतरवून ते भाषांतर सत्यापित करणे, हुंडी किंवा वचनचिठ्ठी न स्वीकारली गेल्यास तिची नोंद व निषेध करणे. हे शेवटचे काम एके काळी मुंबईच्या व्यापारी पेठांत या व्यवसायाचा कणा होते. आज गिरगावच्या नोटरीला शेवटचा निषेध कधी नोंदवला असे विचारले, तर तो हसतो.

प्रतिज्ञापत्र, मुखत्यारपत्र आणि झेरॉक्सची ‘ट्रू कॉपी’ ही आजची रोजची तीन कामे. त्यांतल्या मुखत्यारपत्राला मात्र खरोखरीचे वजन आहे, कारण नोटरीपुढे झालेले मुखत्यारपत्र रीतसर झाले असे न्यायालयाने गृहीत धरावे, ही तरतूद जुन्या पुरावा कायद्याच्या ८५ व्या कलमात होती आणि २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या नव्या अधिनियमातही ती चालू राहिली आहे. ‘ट्रू कॉपी’च्या बाबतीत नियम साधा आहे: मूळ कागद समोर असल्याशिवाय प्रत प्रमाणित होत नाही. मूळ कागद घरी विसरून येणारे लोक रोज परत जातात, आणि बहुतेक जण रागावून जातात.

नांगराची निशाणी आणि कँटरबरीचा आर्चबिशप

सहीला साक्षीदार असावा ही कल्पना आपल्याकडे विलायतेहून आलेली नाही. मराठेशाहीतल्या महजरांवर गोतसभेत हजर असलेल्या वतनदार-बलुतेदारांची नावे असत, आणि ज्यांस अक्षर येत नसे ते आपल्या व्यवसायाचे चिन्ह काढीत. पाटलाच्या नावापुढचा तो छोटासा नांगर मोडी दप्तरे चाळणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. साऱ्या गावासमक्ष झालेल्या निवाड्यास वेगळ्या शिक्केवाल्याची गरज कमी होती, कारण साक्षीदार आणि लिहून देणारा एकाच पाणवठ्याचे असत. मुंबईसारख्या, परस्परांस अनोळखी माणसांच्या शहरात तो आधार तुटला, आणि ओळख पटवणारा एक पगारी नव्हे पण सनदी मनुष्य नेमावा लागला.

या मनुष्याची नेमणूक स्वतंत्र भारताच्या पहिल्या काही वर्षांपर्यंत कोठून होत असे, हे ऐकून आजच्या नोटरींनाही नवल वाटते. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३३ साली पोपचे जे अधिकार काढून कँटरबरीच्या आर्चबिशपकडे सोपवले, त्यांत नोटरी नेमण्याचाही अधिकार होता. तो वापरणारा लंडनमधला ‘मास्टर ऑफ फॅकल्टीज’ हा अधिकारी हिंदुस्थानातल्या नोटरींचीही नेमणूक करीत असे. १८८१ च्या पराक्राम्य संलेख अधिनियमाने सरकारलाही नोटरी नेमता येऊ लागले, पण त्यांचा अधिकार हुंड्या-चेकांपुरताच मर्यादित होता. म्हणजे फोर्टातल्या एखाद्या सॉलिसिटरने पूर्ण अधिकाराचा शिक्का मारला, तर त्याचे मूळ एका ख्रिस्ती धर्मपीठात निघत असे. हा विचित्र वारसा १९५२ च्या नोटरी अधिनियमाने संपवला. तो अमलात आला १४ फेब्रुवारी १९५६ रोजी, आणि त्याच वर्षीचे नियम, वेळोवेळी दुरुस्त होत, आजही चालू आहेत.

शपथेचीही अशीच एक कहाणी आहे. कंपनी सरकारच्या न्यायालयांत हिंदूंस गंगाजलावर आणि मुसलमानांस कुराणावर शपथ घ्यावी लागे. अनेक प्रतिष्ठित लोकांना ते अपमानास्पद वाटे आणि ते साक्षीला येणे टाळीत. १८४० च्या कायद्याने ही शपथ बंद होऊन तिच्या जागी गंभीर प्रतिज्ञा आली. आपल्या प्रतिज्ञापत्राच्या पहिल्या ओळीत ‘सत्यप्रतिज्ञेवर’ हा जो शब्द येतो, त्याच्या पाठीशी हा सारा इतिहास आहे. पण गिरगावातल्या त्या आजींनी सही करण्यापूर्वी भिंतीवरच्या दत्ताच्या तसबिरीकडे पाहून हात जोडलेच.

पाचशेचा कागद

मुद्रांक हे या व्यवहारातले दुसरे दैवत. टाऊन हॉलच्या ज्या इमारतीच्या भव्य पायऱ्या चढून विद्वान मंडळी एशियाटिक सोसायटीत जातात, त्याच इमारतीत मुद्रांकाचे मुख्य कार्यालय आहे, ही गोष्ट पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. परवानाधारक मुद्रांक विक्रेता कागदाच्या पाठीवर घेणाऱ्याचे नाव, कारण आणि तारीख लिहून आपल्या वहीत नोंद करतो; आणि ज्या कामासाठी कागद घेतला त्यासाठी तो सहा महिन्यांत वापरला नाही तर निकामी होतो. कपाटात जपून ठेवलेला गेल्या वर्षीचा कागद घेऊन येणारे मध्यमवर्गीय गृहस्थ या कलमाशी रोज टक्कर देतात.

मुद्रांकाबद्दलचा हा कडक बंदोबस्त निष्कारण नाही. नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयातली यंत्रसामग्री हस्तगत करून अब्दुल करीम तेलगी याने बनावट मुद्रांकांचा जो कारखाना उभारला, त्याचे जाळे याच फोर्टाच्या गल्ल्यांतून पसरले होते. २००१ साली त्याला अजमेरात अटक झाली आणि पुढील काही वर्षांत मोठ्या किमतीच्या छापील मुद्रांकांची जागा फ्रँकिंगने आणि संगणकीय भरण्याने घेतली. छोट्या किमतीचा कागद तेवढा राहिला. ‘शंभरचा बाँड’ हा शब्दप्रयोग एका संपूर्ण पिढीच्या तोंडी बसला होता. १४ ऑक्टोबर २०२४ पासून शंभर आणि दोनशेच्या जागी किमान पाचशे रुपये झाले, आणि ‘पाचशेचा बाँड’ असे म्हणताना टंकलेखकांचीही जीभ काही दिवस अडखळत असे.

आता यातली खरी गंमत. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, राष्ट्रीयत्वाचा दाखला यांसाठी आणि शासकीय कार्यालये व न्यायालये यांच्यापुढे सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य सरकारने १ जुलै २००४ च्या आदेशानेच माफ केलेले आहे. साध्या कोऱ्या कागदावरचे प्रतिज्ञापत्र तेथे चालावयास हवे. तरीही वीस वर्षे लोक शंभरचा कागद घेत राहिले, कारण खिडकीवरचा कारकून तो मागत राहिला. आणि शुल्क पाचशे झाल्यावर विद्यार्थ्यांच्या पालकांनी ओरड केली, तेव्हा २०२५ साली महसूलमंत्र्यांना ही जुनीच माफी पुन्हा नव्याने जाहीर करावी लागली. एखादी सवलत दोनदा जाहीर व्हावी लागते, याचा अर्थ पहिल्यांदा ती कार्यालयाच्या दारातच अडली होती, असा मी घेतो.

गिरणगावात एका नावाची दोन माणसे

परळ-लालबागेत प्रतिज्ञापत्रांचा प्रकार पालटतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप ज्यांनी पाहिला त्यांतले पुष्कळ जण आता राहिले नाहीत. पण गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी बांधलेल्या घरांची म्हाडाची सोडत २०१२ पासून टप्प्याटप्प्याने निघत असल्यामुळे त्यांचे वारस कागद जुळवीत फिरत आहेत. अर्ज पावणेदोन लाखांच्या आसपास, घरे त्यांच्या मानाने थोडी. पात्रतेसाठी गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, हजेरीपत्र, लाल पास, राज्य विमा योजनेचा क्रमांक किंवा भविष्यनिर्वाह निधीचा कागद हवा असतो. आणि येथेच नावांचा घोटाळा उघडा पडतो. मस्टरवर जॉबरने जे कानी पडले ते इंग्रजीत लिहिले, कोकणातल्या शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी वेगळे लिहिले, आणि मृत्यूच्या दाखल्यावर महापालिकेच्या कारकुनाने तिसरेच. कित्येकांच्या एका कागदावर आडनाव, तर दुसऱ्यावर गावाचे नाव. कामगाराच्या विधवेचे तर विवाहापूर्वीचे नाव, आडनाव आणि वडिलांचे नाव अशी तिन्ही अंगे लग्नात बदललेली. तेव्हा माहेरच्या कागदावरची मुलगी आणि सासरच्या कागदावरची बाई एकच, हे तिला वयाच्या पंचाहत्तरीत शपथेवर सांगावे लागते.

लालबागेतल्या एका नोटरीच्या टेबलाशी मी अशी एक मावशी पाहिली. “अंगठा नको, सही येते मला,” असे त्यांनी ठासून सांगितले आणि आपले नाव इतके सावकाश लिहिले, की मागच्या रांगेतला तरुण घड्याळ पाहू लागला. नोटरीने त्याला खुणेने थांबवले. अशा प्रतिज्ञापत्राने नाव बदलत नाही हे येथे स्पष्ट केले पाहिजे. नाव रीतसर बदलावयाचे तर राजपत्रात प्रसिद्ध व्हावे लागते. त्यासाठीचा अर्ज आता ऑनलाइन होतो, पण राजपत्र छापणारे शासकीय मुद्रणालय चर्नी रोडलाच, म्हणजे गिरगावच्या वेशीवर आहे. ‘वन अँड द सेम’चे प्रतिज्ञापत्र म्हणजे फक्त त्या बाईचे शपथेवरचे सांगणे, ते स्वीकारावे की नाही, हे घेणाऱ्या कार्यालयाच्या खुशीवर राहते.

परळच्या इस्पितळांच्या परिसरात मात्र नोटरीच्या कामास वेगळेच गांभीर्य येते. बायको नवऱ्याला किंवा बाप मुलीला मूत्रपिंड देण्यास निघतो, तेव्हा आपण हे राजीखुशीने आणि मोबदल्याविना देत आहोत असे शपथपत्र दात्याला नोटरीपुढे करावे लागते, आणि २०१४ च्या अवयव प्रत्यारोपण नियमांच्या नमुन्यांत नोटरीने दात्याची सही आपल्या रजिस्टरातही घ्यावी, अशी स्पष्ट सूचना छापलेली आहे. इतर कोणत्या कायद्याने रजिस्टराची इतकी आठवण ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

नोटरी केलेले घर

लोकांची सर्वांत महाग फसगत घराच्या बाबतीत होते. भाड्याने खोली घेताना अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झाले, अशी समजूत दादरपासून गिरगावपर्यंत पसरलेली आहे. वस्तुतः १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाने भाड्याचा आणि ‘लीव्ह अँड लायसन्स’चा प्रत्येक करार, मुदत किती का असेना, लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर, आणि ती चुकवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडही त्यालाच. नोंदणी नसेल आणि वाद उद्भवला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे मानले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. एवढे असूनही नोटरीवरचे करार चालतात, कारण ते स्वस्त पडतात आणि वाद होईपर्यंत त्यांचा लंगडेपणा दिसत नाही.

विक्रीचे तेच. स्थावर मिळकतीचा खरेदीव्यवहार उपनिबंधकाकडे नोंदल्याखेरीज मालकी फिरत नाही, आणि मुखत्यारपत्र, करारपत्र व मृत्युपत्र असा त्रिकोण करून घर विकण्याच्या पद्धतीने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ‘सूरज लँप’ खटल्यात बजावले आहे. पागडीची खोली नोटरीच्या कागदावर घेतलेला माणूसही भाडेपावतीवर नाव चढेपर्यंत घरमालकाच्या मर्जीवरच असतो. मृत्युपत्राबद्दल याच्या नेमका उलट गैरसमज आहे: लोक ते नोटरी करण्यासाठी धावतात, पण कायद्याला तेथे नोटरी नकोच, दोन साक्षीदार हवेत, आणि तेही लिहिणाऱ्याची सही पाहून आपली सही करणारे. राहता राहिला विवाह. न्यायालयांच्या आसपास ‘तासाभरात लग्न’ लावणाऱ्या पाट्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांनी ध्यानात ठेवावे, की नोटरीला विवाह किंवा घटस्फोट करून देण्याचा कोणताही अधिकार नाही, हे केंद्राच्या विधि खात्याने २०२४ साली पुन्हा एकदा पत्रक काढून सांगितले.

नोटरीने आपल्या शिक्क्याची ही मर्यादा येणाऱ्यास आपण होऊन सांगावी अशी अपेक्षा करणे गैर नाही. गिरगावच्या वकीलसाहेबांनी भाडेकराराचा एक कागद माझ्यादेखत परत केला आणि “रजिस्ट्रेशन करा, माझी फी वाचेल तुमची,” एवढेच म्हटले. असे करणारे थोडे, कारण परत केलेला कागद दोन दुकाने सोडून पलीकडे मुकाट्याने शिक्का घेऊन जातो, हे सर्वांस ठाऊक आहे.

सीमेपलीकडे

परदेशात हाच शिक्का एकटा पुरा पडत नाही. १९६१ च्या हेग कराराने सदस्य देशांत ‘अपोस्टिल’ नावाचे एकच प्रमाणपत्र ठरवून दिले. भारताच्या बाबतीत तो करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. नोटरी झालेला कागद आधी मंत्रालयातील संबंधित विभागाकडून साक्षांकित होतो, मग परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपोस्टिल देते. आणि ज्या देशांनी करार स्वीकारलेला नाही तेथे जावयाचे असल्यास त्या देशाच्या वकिलातीचा शिक्का वेगळा. उलट दिशेने, अमेरिकेतल्या मुलाने दादरच्या फ्लॅटसाठी आईच्या नावे मुखत्यारपत्र पाठवले, तर ते भारतीय वकिलातीत किंवा तेथील नोटरीपुढे होऊन अपोस्टिलसह येते, आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत येथला मुद्रांक लावावा लागतो. ही तीन महिन्यांची मुदत मुलांना सांगितली जात नाही, आणि आया ते पाकीट मुलाच्या आठवणीसाठी गादीखाली ठेवतात.

आणि एक तुलना दूर न जाता करता येते. गोव्यात, पोर्तुगीज परंपरेच्या वाटेने आलेल्या व २०१२ च्या कायद्याने नव्याने मांडलेल्या पद्धतीत, वारसाहक्काचे पत्र विशेष नोटरी स्वतः आपल्या पुस्तकात लिहून घेतो, आणि तो सरकारी उपनिबंधकच असतो. तेथला नोटरी दस्ताचा कर्ता आहे. आपला नोटरी केवळ सहीचा साक्षीदार. गिरगावात गोव्याहून आलेली घराणी पुष्कळ, आणि गावच्या घराचे वारसपत्र मुंबईच्या नोटरीकडून करून नेणारा गोमंतकीय तेथून रिकाम्या हाताने परत येतो.

खिडकीवर विचारावयाचा प्रश्न

नोटरीकडे जाणाऱ्या वाचकाने मूळ ओळखपत्र न्यावे, सही तेथेच जाऊन करावी, कोऱ्या जागा असलेल्या कागदावर कधीही करू नये, मजकूर आपल्या भाषेत वाचून मागावा, रजिस्टर पुढे आले नाही तर ते स्वतः मागावे आणि पावती घ्यावी. शुल्काची रक्कम आधी विचारण्यात संकोच नको. दरपत्रक बाहेर लावणे त्याचे कर्तव्य आहे, मागणे आपला हक्क.

परंतु त्याहीपूर्वी एक पायरी आहे. ज्या कार्यालयाने प्रतिज्ञापत्र मागितले, त्याच्या खिडकीवर शांतपणे विचारावे, की हे कोणत्या नियमाने मागता. कारण ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयाने, कायद्याने जेथे प्रतिज्ञापत्र आवश्यकच आहे ती प्रकरणे वगळता, राज्याच्या कार्यालयांत शपथपत्राऐवजी अर्जदाराचे स्वयंघोषणापत्र आणि प्रमाणित प्रतीऐवजी स्वयंसाक्षांकित प्रत स्वीकारण्याचे ठरले आहे. त्याला मुद्रांक लागत नाही, नोटरी लागत नाही; अर्जदाराची सही पुरते. तो शासन निर्णय सरकारी संकेतस्थळावर मराठीत आहे. त्याची एक झेरॉक्स काढून ओळखपत्राबरोबर पिशवीत ठेवावी, आणि कारकुनाने “नोटरी करून आणा” म्हटले की प्रथम तीच पुढे करावी.